सायकलीचा आस आणि साखळीची रेषा

अमळनेरहून चोपड्याच्या दिशेने निघालेला सायकलस्वार तापी ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत कपाशीची काळी कसदार जमीन, नदीकाठच्या घळींचा चढउताराचा मुलूख आणि शेवटी डोंगरातली मुरमाड वाट अशा तीन निरनिराळ्या भूमींवरून जातो. या मुलखासाठी डोंगरी सायकल घेऊ पाहणारा गृहस्थ टायर, ब्रेक आणि पुढचा शॉकअप यांचा तपशील मोठ्या चौकसपणे विचारतो; परंतु दोन्ही पायांचे सारे बळ ज्याच्या द्वारे मागच्या चाकाकडे जाते त्या आसाची व त्याच्या बैठकीची, दुकानात ज्याला बीबी म्हणतात त्या जिनसाची, चौकशी तो कुरकुरू लागेपर्यंत सहसा कोणी करीत नाही. ही उपेक्षा मला अनुचित वाटते, कारण चढावर सायकल साथ देईल की नाही याचा निर्णय पुष्कळ अंशी याच ठिकाणी होतो.

प्रताप मिलच्या पाळीला जाणाऱ्या कामगाराच्या काळ्या सायकलीत हा प्रश्न उद्भवतच नव्हता. तिच्यात पुढे एक चक्र, मागे एक फ्रीव्हील आणि दोहोंमध्ये इंचाच्या अष्टमांश रुंदीची साखळी असे. ही दोन्ही चक्रे कारखान्यातच एका पातळीत बसवलेली असत, आणि मिस्त्रीने कॉटर पिन ठोकून काढून, छर्रे रॉकेलात धुऊन, नवे ग्रीस भरून कप आवळला की पुढे दीर्घकाळ तिकडे पाहावे लागत नसे.

1977 साली कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात जो ब्रीझ याने केवळ डोंगरवाटांसाठी म्हणून सायकल बांधली. पुढे या जातीच्या सायकलींचे टायर जसजसे रुंद होत गेले, तसतसा मागच्या चाकाला कवेत घेणारा चिमटा रुंद करावा लागला. चिमट्यामुळे पुढचे दातेरी चक्र बाहेर सरकले आणि चक्रामुळे आसाची लांबी वाढली. सायकलीच्या मध्यपातळीपासून चक्राच्या दात्यांच्या मध्यापर्यंत जे अंतर भरते तीच साखळीची रेषा, अर्थात चेनलाइन. पुढे तीन चक्रे असल्यास हे अंतर मधल्या चक्राचे धरावे. सडकेवरच्या दोन चक्रांच्या सायकलीत ते सामान्यतः 43.5 मिलिमीटर असते, डोंगरी सायकलीच्या तीन चक्रांत 47.5 किंवा 50, आणि मागे 148 मिलिमीटरचा रुंद हब असलेल्या आधुनिक एकचक्री रचनेत 52.

मागच्या बाजूचा हिशेब मात्र निराळा आहे. 135 मिलिमीटरच्या हबवर कॅसेटचा मध्य सुमारे 45 मिलिमीटरवर येतो, म्हणजे पुढचे चक्र मागच्या मध्यापेक्षा काही मिलिमीटर बाहेरच राहते. आणि चढावर ज्या सर्वांत मोठ्या चक्राची गरज पडते ते तर कॅसेटमध्ये सर्वांत आत, आऱ्यांना लागून असते. चाकावर तिरका चालणारा मोटेचा दोर जसा एका अंगाने झिजून जातो, तशीच ऐन जोराच्या वेळी तिरकी ओढली जाणारी साखळी स्वतः झिजते, दाते झिजवते आणि पायडल उलटे फिरवताच शेजारच्या लहान चक्रावर घसरते. सबब, रेषा ठरवताना कॅसेटच्या मध्याला प्रमाण न मानता, आपण ज्या गिअरात चढ चढतो त्याला मानावे, आणि चिमट्याला न घासता पुढचे चक्र जितके आत घेता येईल तितके घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यासाठी खरेदीपूर्वी मोजमाप करणे अगत्याचे आहे. सीटखालच्या नळीचा व्यास व्हर्निअरने घ्यावा. तो समजा 34 मिलिमीटर भरला, तर त्याचे अर्ध म्हणजे 17, आणि नळीच्या उजव्या अंगापासून दात्यांच्या मध्यापर्यंतचे अंतर 33, मिळून 50 ही पुढची रेषा झाली. मागे चिमट्याच्या दोन टोकांमधील आतल्या रुंदीचे अर्ध घेऊन त्यातून उजव्या टोकापासून कॅसेटच्या मध्यापर्यंतचे अंतर वजा करावे.

आस चौकोनी टोकांचा असेल, तर तो 113, 118, 122.5 अशा अनेक लांबींत मिळतो. परंतु लांबी पाच मिलिमीटरने वाढवली तरी ती दोन्ही बाजूंस विभागली जात असल्यामुळे रेषा अडीच मिलिमीटरनेच बाहेर जाते, हे ध्यानी घ्यावे. शिवाय चौकोनी टोकांचेही जपानी आणि आयएसओ असे दोन दस्तूर आहेत. एका जातीचा क्रँक दुसऱ्या जातीच्या आसावर चढवला की तो अधिक आत किंवा बाहेर बसतो आणि सारा हिशेब चुकतो. शिमानोने 2003 साली डोंगरी सायकलीसाठी आणलेल्या 24 मिलिमीटर व्यासाच्या पोकळ आसाची लांबी मात्र निवडावी लागत नाही. तेथे चौकटीचा आडवा नळा 68 मिलिमीटरचा असेल तर अडीच मिलिमीटरच्या तीन चकत्या, दोन उजवीकडे व एक डावीकडे, आणि 73 चा असेल तर उजवीकडे एकच चकती घालावयाची, म्हणजे दोन्ही प्रकारांत बेरीज 75.5 होते. एकचक्री रचनेत चक्रच कमीअधिक आत वळवलेले मिळते, तेव्हा रेषा बदलण्यासाठी आस बदलण्याचे कारणच उरत नाही.

उरला बैठकीचा प्रश्न. काही चौकटींत बेअरिंग आट्यांशिवाय, केवळ दाबून बसवतात. वजन वाचते खरे, पण माप केसभर चुकले तरी बैठक कुरकुरते, आणि खान्देशातली काळी माती पावसात प्रत्येक फटीत शिरून वाळली की सिमेंटासारखी घट्ट बसते. ज्याला दुरुस्तीसाठी जळगाव-धुळ्याच्या दुकानांवर विसंबावे लागते त्याने आट्यांचीच चौकट घ्यावी; कित्येक उत्पादकही पुन्हा आट्यांकडे वळले आहेत.

येथेच घाईत होणारा एक घात सांगितला पाहिजे. प्रचलित इंग्रजी पद्धतीच्या बैठकीत डाव्या कपाचे आटे नेहमीसारखे असतात, उजव्याचे मात्र उलटे. आस फिरताना बेअरिंगवरचा भार कपाच्या कडेने फिरत राहतो आणि कप आसाच्या विरुद्ध दिशेने हळूहळू सरकू पाहतो, म्हणून ही तजवीज आहे. हे ठाऊक नसलेला हात उजवा कप नेहमीच्या दिशेने जोर लावून काढू जातो, तो सुटण्याऐवजी अधिकच आवळला जातो, आणि पाना घसरून कपाच्या खाचा गोल झाल्या की साधे काम अवघड होऊन बसते. इटालियन पद्धतीत दोन्ही बाजूंचे आटे नेहमीसारखेच असतात, आणि तिचा उजवा कप सैल पडण्याबद्दल प्रसिद्ध आहे. आट्यांना ग्रीस लावून कप प्रथम बोटांनीच फिरवावा. दोन-तीन फेरे सहज गेले, तरच पाना हाती घ्यावा.