उंची कमी, दुचाकी जड : संथ वेगातील तोलाचे गणित

आदिलाबादहून निर्मलच्या दिशेने निघाल्यावर गुडीहत्नूर मागे पडते आणि इचोडा येते. नागपूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ येथूनच जातो. पुढे नेरडीगोंडा परिसरात कडेम नदीवरील कुंटाला धबधबा असल्याने पावसाळ्यात या रस्त्यावर लांब पल्ल्याच्या मोटारसायकलींची वर्दळ वाढते. महामार्गावर ऐंशीच्या वेगाने सरळ धावणारी जड दुचाकी कोणालाच अवघड वाटत नाही. अवघड असते ते महामार्ग सोडून गावात शिरणे, बैलगाडीमागे थांबणे, चहाच्या टपरीपुढे गाडी वळवणे. जड मोटारसायकली आडव्या पडतात त्या बहुधा अशाच जागी, चालत्या माणसाच्या वेगाने जात असताना किंवा उभ्याउभ्याच. कमी उंचीच्या चालकाला भीती असते तीही याच क्षणांची.

ही भीती निराधार नाही. सुमारे दोनशे किलोचे धूड पायावर आले तर घोटा मोडू शकतो, तापलेल्या सायलेन्सरने पोटरी भाजते आणि महामार्गाच्या कडेला ट्रकच्या बाजूस पडल्यास जिवावर बेतते. परंतु या भीतीपोटी ‘ही गाडी तुझ्या उंचीची नाही’ असा जो निकाल घरीदारी दिला जातो, विशेषतः मुलींना, तो तपासून पाहण्यासारखा आहे.

आधी आकडे पाहू. घरोघरी दिसणाऱ्या स्प्लेंडरच्या आसनाची उंची ७८५ मिलिमीटर आणि वजन सुमारे ११२ किलो. रॉयल एनफील्डची मीटिऑर ३५० तब्बल १९१ किलोची, पण तिचे आसन ७६५ मिलिमीटरवर, म्हणजे स्प्लेंडरहूनही खाली. क्लासिक ३५० चे आसन ८०५ मिलिमीटर उंच आणि वजन १९५ किलो. यावरून दिसते की जड गाडी म्हणजे उंच गाडी, हे समीकरण खरे नाही. शिवाय आसनाच्या उंचीचा आकडाही अर्धेच सांगतो. आसन पुढच्या बाजूस रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय जमिनीपासून वर उचलले जातात; तेच आसन टाकीजवळ निमुळते असेल तर त्याच उंचीवर पाऊल टेकते. म्हणून गाडी घेताना माहितीपत्रक बाजूला ठेवून, रोजच्या वापरातील पादत्राणे घालून तिच्यावर बसून पाहावे, हे उत्तम.

आता तोलाचे गणित. गाडी अगदी सरळ उभी असते तेव्हा तिचे सारे वजन चाकांवर असते. चालकाला जवळजवळ काहीच पेलावे लागत नाही. दोनशे किलोची गाडी पाच अंश कलली, तर ती हँडलपाशी सावरण्यास ढोबळमानाने आठ-नऊ किलोचा जोर पुरतो. पंधरा अंशांवर हाच जोर पंचवीस किलोच्या पुढे जातो आणि तीस अंशांवर पन्नास किलोच्या घरात. म्हणजे प्रश्न बाहूंतील बळाचा कमी आणि कल किती लवकर जाणवतो याचाच अधिक आहे. पहिल्या पाच अंशांत जागी झालेली सडपातळ मुलगी गाडी सावरते, वीस अंशांपर्यंत बेसावध राहिलेला पहिलवान ती सोडतो. एका मर्यादेपलीकडे गेलेली गाडी सोडून देणे, पाय आधी मोकळा करून बाजूला होणे, हेच शहाणपणाचे. पत्रा सरळ करता येतो.

दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत, हा समज मात्र बराच खोलवर रुजलेला आहे. प्रत्यक्षात एक पाऊल नीट टेकले की पुरते. थांबण्यापूर्वी कंबर आसनावर थोडी डावीकडे सरकवावी, डावे पाऊल पूर्ण टेकवावे आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवावा. चढावर तर ही पद्धत फारच उपयोगी, कारण गाडी उजव्या पायाने धरलेली राहते आणि उजवा हात अ‍ॅक्सिलरेटरसाठी मोकळा असतो. (जुन्या बुलेटवर शिकलेल्यांची गोष्ट उलटी, तिचा गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे असे. त्या काळच्या काकांचा सल्ला आजच्या गाडीवर जसाच्या तसा लागू करू नये.)

इथे आपल्या रस्त्यांची एक खोड लक्षात घ्यावी लागते. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्यावर उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणजे कडेला थांबताना डावा पाय नेमका खोलगट बाजूस जातो. साइडपट्टी खचलेली असेल तर जमीन आणखी चार बोटे खाली. उंच चालकाला हे कळतही नाही; बुटक्या चालकाची गाडी मात्र तेथेच जाते. तेव्हा थांबण्याची जागा थांबण्याआधीच हेरावी. डांबरावर थोडे आत थांबावे, किंवा डावीकडे उंचवटा दिसेल तेथे.

संथ वेगात वळताना पुढचा ब्रेक हे पडण्याचे सर्वांत सामान्य कारण. हँडल वळलेले असताना तो दाबला की पुढचे चाक अडते आणि गाडीचे वजन वळणाच्या आतल्या बाजूस कोसळते. हँडल सरळ असेपर्यंतच तो वापरावा. वळताना अर्धा क्लच, किंचित अ‍ॅक्सिलरेटर आणि मागच्या ब्रेकचा हलका दाब, या तिहींच्या मेळाने गाडी चालण्याच्या वेगातही ताठ राहते. पाय लोंबकळत ठेवू नयेत, पायठेवणीवरच असावेत. नजर जेथे जायचे तेथे. पुढच्या चाकाकडे पाहणारा बहुधा त्याच चाकाशेजारी पडतो. मोकळ्या मैदानात दोन विटा ठेवून आठाचा आकडा काढण्याचा सराव यासाठी पुरेसा आहे.

२०१८ साली जय भारती यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादच्या चार महिला मोटारसायकलवरून म्यानमार, थायलंड, लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनामपर्यंत जाऊन आल्या. अशा प्रवासात गर्दीतले आणि चिखलातले किलोमीटरच अधिक कस पाहतात.

गॅरेजमध्ये आसनाचा फोम कापून घेणे हा स्वस्त आणि बहुधा निर्धोक उपाय. सस्पेन्शन खाली करून घेणाऱ्याने मात्र साइड स्टँडचा विचार करावा. गाडी खाली आली आणि स्टँड तेवढाच राहिला, तर ती जवळजवळ ताठ उभी राहते आणि वाऱ्याच्या झोताने उजवीकडे कलंडते. स्टँडही त्याच प्रमाणात कापून घ्यावा लागतो. गाडी लावताना तिचे तोंड उताराकडे करू नये. मागे ओढताना सारे वजन चढावर खेचावे लागते. शक्यतो खाली उतरून, टाकी कमरेला टेकवून ढकलावी. आणि आदिलाबादच्या कापसाच्या काळ्या जमिनीत, पाऊस पडून गेल्यावर, स्टँडखाली एखादा चपटा दगड ठेवल्याशिवाय गाडीपासून दूर जाऊ नये. ती माती स्टँड हळूहळू गिळते, चहा संपेपर्यंत गाडी आडवी झालेली असते.