कार्ताहेनात उतरावे कुठे?

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या कार्ताहेना शहराची ओळख दोन छायाचित्रांनी होते. एकात बोगनवेलीने झाकलेले लाकडी सज्जे आणि दगडी गल्ली असते, दुसऱ्यात तळ दिसेल इतके नितळ पाणी. चित्रे दोन्ही खरी, पण एका जागची नाहीत. गल्ली तटबंदीच्या आतली आहे आणि तिथे पुळण नाही. ते नितळ पाणी आहे रोसारिओ बेटांचे, म्हणजे बोटीने सुमारे तासाभराच्या अंतरावरचे. हॉटेल निवडताना होणारी बरीचशी निराशा या सरमिसळीतून येते. म्हणून इथे हॉटेलचे तारे मोजण्याआधी वस्ती ठरवावी लागते.

पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदाराने १५३३ मध्ये हे बंदर वसवले. दक्षिण अमेरिकेतले सोने-चांदी इथून स्पेनला जाई, त्यामुळे चाच्यांचे हल्ले आले आणि हल्ल्यांमुळे तट आणि किल्ले. १९८४ पासून हा सारा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तटाच्या आतले सेंत्रो आणि सान दिएगो हे मोहल्ले शहरातले सर्वांत देखणे, आणि सर्वांत महागही. सान दिएगोतल्या सांता क्लारा मठाची स्थापना सतराव्या शतकातली. पुढे तिथे इस्पितळ आले आणि १९९० च्या दशकात पंचतारांकित हॉटेल. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या ‘ऑफ लव्ह अँड अदर डीमन्स’ या १९९४ च्या कादंबरीची पार्श्वभूमी हाच मठ आहे, आणि त्यांचे स्वतःचे घरही त्याच्या जवळच होते.

बाकीची बहुतेक हॉटेले जुन्या श्रीमंत घरांत आहेत. या घरांची ठेवण चौसोपी वाड्यासारखी असते: मधे अंगण, भोवती खोल्या, वर सज्जा. भिंती जाड, त्यामुळे उन्हाचा ताप कमी लागतो. पण आतल्या अंगणाकडे तोंड असलेल्या खोलीला बाहेरची खिडकी नसते. ती शांत असते, तशीच अंधारी आणि दमटही. सज्ज्याची खोली उजेडाची, मात्र रात्री उशिरापर्यंत खालच्या रस्त्यावरची गाणी वर येत राहतात. ‘जुन्या वाड्यातले हॉटेल’ एवढ्यावर आरक्षण करणाऱ्याच्या वाट्याला यांपैकी काय येईल, हे खोली नेमकी कोणती यावर ठरते. वारशाच्या नियमांमुळे मोडतोड करता येत नसल्याने अनेक ठिकाणी लिफ्टही नाही. गुडघेदुखीच्या पाहुण्याने तळमजल्याची खोली आधीच मागून घ्यावी.

सेंत्रोला लागून असलेला हेत्सेमानी हा कारागिरांचा आणि मुक्त कृष्णवर्णीयांचा मोहल्ला. ११ नोव्हेंबर १८११ ला स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर करण्यासाठी नेत्यांवर दबाव आणणारा जमाव पेद्रो रोमेरोच्या पुढाकाराने इथूनच निघाला होता. आता मेदिया लूना रस्त्यावर आणि आसपास स्वस्त वसतिगृहे दाटली आहेत, ज्यांत एका खोलीत आठ-दहा खाटा असतात. त्रिनिदाद चौकात संध्याकाळपासून गर्दी जमते. झोप हवी असेल तर चौकापासून दोन-तीन गल्ल्या आतले ठिकाण बरे. पर्यटनामुळे भाडी चढली आणि जुने रहिवासी बाहेर पडत गेले. ज्या गजबजलेल्या शेजारासाठी पाहुणे येतात, तोच त्यांच्या येण्याने विरत चालला आहे.

बोकाग्रांदे हा उंच इमारतींचा पट्टा समुद्र आणि खाडी यांच्या मधोमध आहे. लिफ्ट, तरणतलाव, मोठ्या खोल्या आणि स्वयंपाकघर असलेले फ्लॅट इथे मिळतात, म्हणून मुलाबाळांसह येणारी कोलंबियन कुटुंबे हाच भाग पसंत करतात. पुळण मात्र करड्या रंगाची आहे. माग्दालेना नदीचा गाळ या किनाऱ्यापर्यंत पोचतो आणि दीके कालव्यातून तो खाडीतही येत राहतो, त्यामुळे पाणी गढूळच असते. फेरीवालेही पाठ सोडत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोठ्या भरतीला काही रस्त्यांवर पाणी चढते. विमानतळाजवळचे क्रेस्पो आणि खाडीकाठचे मांगा हे राहत्या लोकांचे शांत भाग. दर बेताचे, पण जुन्या शहरात जायला टॅक्सी लागते. टॅक्सीला मीटर नसतो, त्यामुळे भाडे बसण्याआधी ठरवावे.

रोसारिओ बेटांवर किंवा बारूच्या किनाऱ्यावर राहायचे तर सोयींची अपेक्षा बदलावी लागते. गोडे पाणी बाहेरून आणतात, वीज अनेक ठिकाणी जनरेटरवर किंवा सौरऊर्जेवर चालते आणि ती रात्रभर मिळेलच असे नाही. बोटी सकाळी सुटतात, कारण दुपारनंतर समुद्र खवळतो. त्यामुळे दुपारी उतरणाऱ्या विमानाला जोडून त्याच दिवशी बेटावरची खोली घेऊ नये.

वर्षभर दुपारचा पारा ३० ते ३२ अंशांच्या आसपास आणि हवा घामट. डिसेंबर ते मार्च वारा वाहतो तेव्हा पंख्याची खोली चालून जाते. पावसाळ्यात, विशेषतः ऑक्टोबरच्या आसपास, वातानुकूलन हवेच. स्वस्त गेस्टहाउसात गरम पाणी बहुधा नसते, आणि या हवेत त्याची उणीव फारशी भासत नाही. वीज ११० व्होल्टची आणि प्लगला दोन चपट्या पट्ट्या, त्यामुळे भारतातले हेअर ड्रायर वा किटली तिथे नीट चालत नाही.

नाताळ ते जानेवारीचा मध्य, ईस्टरचा आठवडा आणि सोमवारला जोडून येणाऱ्या सुट्ट्या, या काळात दर भडकतात. पर्यटक म्हणून आलेल्या अनिवासी परदेशी पाहुण्याला खोलीवरचा १९ टक्के मूल्यवर्धित कर माफ असतो. त्यासाठी पासपोर्ट आणि प्रवेशाचा शिक्का दाखवावा लागतो, आणि हॉटेलने स्वतःहून विचारले नाही तर पाहुण्याने विषय काढावा. प्रत्येक निवासस्थानाला राष्ट्रीय पर्यटन नोंदणीचा क्रमांक लागतो, खासगी फ्लॅटलासुद्धा. शिवाय फ्लॅट ज्या इमारतीत आहे तिच्या नियमावलीत पर्यटकांना भाड्याने देण्याची मुभा असावी लागते. ती नसेल तर दारावरचा पहारेकरी पाहुण्याला बॅगांसकट खालीच थांबवू शकतो. म्हणून पैसे भरण्याआधी घरमालकाकडे या दोन्ही गोष्टींची विचारणा करावी.