मास्कआडचा चेहरा आणि क्रीमचा बाजार

मार्च २०२१ च्या अखेरीस नाशिकमध्ये मुख्य बाजारपेठेत शिरायला पाच रुपयांची पावती फाडावी लागत होती. तासाभरात खरेदी उरकून बाहेर पडायचं; रेंगाळलात तर पाचशे रुपये दंड. करोनाच्या साथीत गर्दी आवरण्याचा पोलीस आणि महापालिकेचा हा उपाय देशभर चर्चेत आला. अशा तासाभरात किराणा, भाजी, औषधं होतात. लिपस्टिकच्या चार छटा मनगटावर लावून बघायला सवड कुणाला? साथीने त्वचेच्या निगेची मागणी कशी बदलली, याविषयी अजूनही बरंच काही ठोकून दिलं जातं. त्यातले सहा समज तपासू.

गैरसमज १ : घरी बसून लोकांनी क्रीमची भरमसाट खरेदी केली.
वस्तुस्थिती : पहिल्या टाळेबंदीत उलटं घडलं. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत हिंदुस्तान युनिलिव्हरच्या आरोग्य, स्वच्छता आणि पोषण या गटाची विक्री ६ टक्क्यांनी वाढली. त्वचेची निगा, डिओडरंट आणि रंगप्रसाधनं या गटाची मात्र सुमारे ४५ टक्क्यांनी घसरली. लग्नं पुढे ढकललेली, कॉलेजं बंद, दुकानांच्या वेळा तुटपुंज्या आणि पुढच्या पगाराची खात्री नाही. अशा वेळी महिन्याच्या यादीतून आधी क्रीम कटतं, साबण नाही.

गैरसमज २ : मंदीत लिपस्टिक हमखास खपते.
वस्तुस्थिती : मोठा खर्च झेपत नाही तेव्हा माणूस छोटी चैन करतो, हा सिद्धान्त ‘ईस्टी लॉडर’च्या लिओनार्ड लॉडर यांच्या नावाने २००१ पासून सांगितला जातो. २०२० मध्ये ओठच मास्कखाली गेले आणि तो फसला. ‘लॉरिआल’चे जगभरातले त्या वर्षाचे आकडे बोलके आहेत. तुलनात्मक हिशेबाने एकूण विक्री ४.१ टक्क्यांनी घटली, पण त्वचारोगतज्ज्ञ सुचवतात तशा उत्पादनांचा विभाग १८.९ टक्क्यांनी वाढला. नटण्यावरचा खर्च आखडला, त्वचा सांभाळण्यावरचा वाढला.

गैरसमज ३ : सॅनिटायझरने हात खराब होतात, त्यापेक्षा साबण सौम्य.
वस्तुस्थिती : मार्च २०२० मध्ये केंद्राने सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तूंत घातलं आणि २०० मिलिलिटरच्या बाटलीला १०० रुपयांची मर्यादा घातली. नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या घाऊक औषधबाजारापासून गल्लीतल्या मेडिकलपर्यंत मागणी होती ती याचीच. पाठोपाठ हात कोरडे पडल्याच्या तक्रारी आल्या आणि सगळं खापर अल्कोहोलवर फुटलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीत ८० टक्के इथेनॉलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरॉल असतं, ते त्वचेतला ओलावा धरून ठेवण्यासाठीच. वारंवार साबण, त्यातही गरम पाणी, त्वचेचं स्वतःचं तेल जास्त धुऊन नेतं. सॅनिटायझर लावल्यावर झोंबत असेल, तर बहुधा त्वचेला आधीच बारीक भेगा पडलेल्या असतात. हात मळलेले दिसत असतील तेव्हा साबणच हवा. मग हात टिपून साधं मॉइश्चरायझर लावावं.

गैरसमज ४ : मास्कखालच्या पुरळावर महागडं सीरम हवं.
वस्तुस्थिती : कारण साधं आहे : घर्षण, घाम आणि कोंडलेली वाफ. चीनच्या हुबेई प्रांतात ५४२ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. त्यांच्यापैकी ९७ टक्के जणांच्या त्वचेला इजा झालेली आढळली, सर्वाधिक नाकाच्या दांड्यावर. ही मंडळी तासन्‌तास घट्ट मास्क लावून काम करत होती. तुमच्या-आमच्यासाठी कापडी मास्क रोज धुणं, त्याखाली मेकअप टाळणं आणि हलकं मॉइश्चरायझर लावणं एवढं बहुतेक वेळा पुरतं.

गैरसमज ५ : ‘फेअर अँड लव्हली’चं नाव करोनामुळे बदललं.
वस्तुस्थिती : काळ एकच, कारण वेगळं. मे २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि वर्णभेदाविरुद्ध जगभर आंदोलन पेटलं. गोरेपणा विकणाऱ्या कंपन्यांवर आधीपासून टीका होतीच, तिला धार आली. जूनअखेर नाव बदलण्याची घोषणा झाली आणि जुलैत ‘ग्लो अँड लव्हली’ हे नाव जाहीर झालं.

गैरसमज ६ : पार्लर बंद होती, पण घरगुती उपायांत धोका नसतो.
वस्तुस्थिती : राज्यात सलून आणि पार्लर २८ जून २०२० पासून उघडली, तीही केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढ्यापुरतीच. फेशियलसारख्या त्वचेच्या सेवांना मनाई होती. साहजिकच फेशियल घरी आलं. डाळीचं पीठ आणि साय बहुतेकांना बाधत नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास मात्र त्वचा भाजते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. त्याहून मोठा धोका मेडिकलमधून ‘गजकर्णाचं’ किंवा ‘गोरं करणारं’ म्हणून चिठ्ठीविना आणलेल्या ट्यूबचा. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरत राहते. चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाली आणि मुरुम येतात.

साथ ओसरल्यावर सॅनिटायझरची मागणी उतरली, पण घटकांची टक्केवारी छापलेल्या सीरमची सवय टिकली. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘मिनिमलिस्ट’ या अशाच सीरमच्या ब्रँडमधला ९०.५ टक्के हिस्सा विकत घेण्याचा करार हिंदुस्तान युनिलिव्हरने जानेवारी २०२५ मध्ये केला, तो उगाच नाही. लेबल वाचायची ही सवय घरातल्या जुन्या मलमांनाही लावा. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलेलं दिसलं, तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ती चेहऱ्याला लावू नका.