रक्तगटाच्या खुणा आणि कर्करोगाची तीव्रता

कर्करोगाचे निदान झाले की घरातील मंडळी कारणे शोधू लागतात. ‘रक्तगटामुळे तर हे झाले नसेल?’ हा प्रश्नही मग येतो. त्यात तथ्य किती, हे पाहावयाचे आहे.

रक्तगट म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करांची एक लहान साखळी. तिच्या पायाला ‘एच’ म्हणतात. त्यावर एक विशिष्ट शर्करा जडली की ‘ए’ गट, दुसरी जडली की ‘बी’, दोन्ही प्रकार असल्यास ‘एबी’ आणि एकही नसल्यास ‘ओ’. हा पायाच नसलेली माणसे डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईत आढळली व १९५२ साली त्यांनी ती नोंदविली. तोच ‘बॉम्बे’ रक्तगट. या खुणा तांबड्या पेशींप्रमाणेच जठर, मूत्राशय इत्यादींच्या अस्तरावरही असतात.

१९५३ साली एअर्ड, बेंटॉल आणि फ्रेझर रॉबर्ट्स यांनी ब्रिटनमधील रुग्णांच्या नोंदींवरून, जठराच्या कर्करोगात ‘ए’ गटाचे प्रमाण काहीसे अधिक असल्याचे दाखविले. हा फरक लहान आहे. त्यावरून कोणा एकाचे भविष्य वर्तविता येत नाही.

रोगाच्या तीव्रतेचा संबंध गाठीतील पेशींच्या बदललेल्या खुणांशी अधिक आहे. मूत्राशयाच्या ज्या गाठींवरून मूळ रक्तगटाची खूण पुसली गेली, त्या स्नायूंत खोलवर शिरण्याचा संभव अधिक असल्याचे अभ्यासकांना दिसले. अन्य काही गाठींत ‘सायलिल लुइस’ नावाची साखळी वाढते. रक्तवाहिनीच्या अस्तरावरील ई-सिलेक्टिन हे प्रथिन तिला पकडते. त्यामुळे रक्तातून वाहणारी कर्कपेशी दूरच्या अवयवात स्थिरावू शकते.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात केली जाणारी ‘सीए १९-९’ ही चाचणी याच कुळातील साखळी मोजते. मात्र ज्यांना जन्मतःच लुइस खूण नसते, त्यांच्या शरीरात ही साखळी जवळजवळ बनतच नाही. रोग बळावला तरी त्यांचा आकडा कमीच राहतो. उलटपक्षी, पित्तमार्ग अडून कावीळ झाली असता कर्करोग नसतानाही तो चढतो.

म्हणून एकट्या आकड्याने निर्धास्त होऊ नये वा धीर सोडू नये. रोग किती खोल गेला, कोठवर पसरला व पेशींची घडण कशी आहे, यांवरच उपचार ठरतात. रक्तगट आपण जन्मासोबत आणतो; त्याचा दोष रुग्णाच्या माथी मारण्याचे कारण नाही.