पावसाचे पाणी गेले कुठे? – साताऱ्याभोवतालची शरदातील भटकंती

भादवा सरत आला, हस्ताचा पाऊस पडून गेला, की साताऱ्याभोवतालच्या डोंगरांवरचे धुके उठते. शेतात पिके उभी असतात आणि काढणीची घाई अजून सुरू झालेली नसते. शाळेची मुले बाहेर काढायला यासारखे दिवस नाहीत. सहल म्हटली की आपल्याकडे दूरची ठिकाणे आठवतात. एसटी ठरवायची, मुक्काम शोधायचा, आणि ज्याच्या घरी वर्गणी निघत नाही ते पोर मागे राहायचे. साताऱ्याच्या आसपास मात्र शिदोरी बांधून सकाळी निघावे आणि दिवेलागणीला घरी यावे, अशा जागा आहेत. त्या पाहताना मुलांपुढे एकच प्रश्न ठेवावा: चार महिने एवढा पाऊस पडला, ते पाणी गेले कुठे?

पहिले उत्तर कासच्या पठारावर मिळते. यवतेश्वराचा घाट चढून गेले, की शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर हे पठार लागते. उंची सुमारे १२०० मीटर. खाली सगळा जांभा दगड. त्यावर माती म्हणाल तर बोटभर, कुठे वीतभर, कुठे तीही नाही. पाणी खोल मुरत नाही. खळग्यांत साचते, पातळ मातीत तुंबते. आता गंमत पाहा. अशा जागी मोठे झाड मूळ धरू शकत नाही, म्हणून रान मोकळे राहते ते इवल्या झाडांना. पाणी आहे तोवर त्यांनी उगवायचे, फुलायचे, बी टाकायचे आणि वाळून जायचे. म्हणून सगळ्यांची एकदम घाई. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, पांढरे गेंद, निळी-जांभळी सीतेची आसवं, सगळी काही आठवड्यांत उरकून घेतात. टोपली कारवीचे तंत्र निराळे. ती सात वर्षांनी एकदा बहरते.

गुरुजींनी मुलांना सीतेची आसवं बसून दाखवावीत. या नाजूक फुलाच्या मुळाशी, ओल्या मातीत, बारीक फुगे असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव जवळ आला की फुगा त्याला आत ओढून घेतो. दवबिंदू नावाची वनस्पती तर पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरते. मातीत नत्र कमी, म्हणून ही शिकार. शेतकऱ्याला हे सांगायला नको. नत्र कमी पडले तर पीक कसे पिवळे पडते हे तो दरसाल पाहतो.

पण एक गोष्ट निघण्यापूर्वीच मुलांना बजावून ठेवा. बोटभर मातीवर पाय पडला की ती दबते, सुटते आणि पुढच्या पावसात वाहून जाते. ती पुन्हा साठायला माणसाचा जन्म पुरणार नाही. २०१२ साली पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारशात गेली, त्यांत कास आहे. तेव्हापासून नाव फार झाले आणि सुट्टीच्या दिवशी गर्दीही फार. फुलांच्या दिवसांत प्रवेशाला शुल्क असते आणि रोजच्या माणसांची संख्या ठरलेली असते. आधी चौकशी करून, आठवड्याच्या मधल्या वारी जावे. फोटोसाठी फुलांत लोळणारी शहाणी माणसे पाहिली, की शाळेची पोरे बरी वाटतात!

पठाराच्या पुढेच कासचा तलाव. त्याचे पाणी साताऱ्याला पिण्यासाठी येते, आणि उरमोडी नदीही इथलीच. ती पुढे सज्जनगडाच्या बाजूने खाली उतरते. गडावर समर्थांची समाधी आहे. वर गेल्यावर मुलांना तटाशी उभे करून नदीची वाट दाखवावी. पुस्तकातला नकाशा इथे आपोआप उलगडतो. त्याच रस्त्याने पुढे ठोसेघरचा धबधबा आहे. श्रावणात तो बहुतेक धुक्यातच असतो. आश्विनात धार बारीक होते खरी, पण दिसते तरी. कठड्याच्या पलीकडे मात्र कोणाला सोडू नये.

वेण्णेचे पाणी शहराच्या पूर्वेस माहुलीला कृष्णेत मिळते. घाटावर उभे राहून पूर किती पायऱ्या चढला होता त्याच्या खुणा शोधाव्यात. हे रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव, एवढे सांगितले तरी इतिहासाचा एक तास होतो.

जमिनीत मुरलेले पाणी पाहायचे तर लिंबला जावे. महामार्गावरून आत वळले, की बारामोटेची विहीर लागते. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाईंनी ती बांधविली. तसा शिलालेख तिथे आहे. खोली सुमारे ११० फूट. जिन्याने उतरून कमानीखालून गेले, की विहिरीच्या पोटातच दगडी महाल! वर मोटा चालवायच्या जागा. आजच्या मुलांनी मोट पाहिलेली नाही. बैल धावेवरून खाली उतरत, नाडा ताणला जाई, चामड्याची मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होई आणि पाणी पाटाने मळ्यात जाई. गावातला एखादा म्हातारा बाबा बरोबर न्यावा. मोट हाकताना काय म्हणत, हे तोच सांगू जाणे. मुलांनी पाण्यावर उघड्या राहिलेल्या पायऱ्या मोजून वहीत तारीख घालून लिहाव्यात, आणि चैत्रात पुन्हा येऊन मोजाव्यात.