ऊस बिलाचे पैसे : कार्ड बरे की मोबाईल?



पहिल्या उचलीची रक्कम बँकेत वर्ग झाली की गट ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, खताच्या दुकानात मोबाईलवरनं पैसे द्यावेत का कार्ड घासावं? धोका कशात कमी?" यंदा तो फारच वेळा आला, म्हणून येथे सविस्तर उत्तर देत आहोत.

आधी कार्डाचे पाहू. जुन्या कार्डाला मागे नुसती काळी पट्टी असे. ती एखाद्या लबाड यंत्रातून ओढली की कार्डाची हुबेहूब नक्कल तयार होई. म्हणून रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत पट्टीची कार्डे बदलून चिपची देण्यास बँकांना सांगितले. चिपची नक्कल करणे फार अवघड. एक छिद्र मात्र राहिले. ज्या कार्डावर लहरींची खूण असते, ते यंत्राला नुसते टेकवले तरी रु. ५,०००/- पर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो. असे कार्ड बाजारात पडले तर सापडणाऱ्याची चैन! ही सोय नको असेल तर बँकेला सांगून बंद करता येते.

आता मोबाईल. यू.पी.आय. ही पद्धत २०१६ साली सुरू झाली. दुकानातला चौकोनी कोड स्कॅन करून पैसे दिले तर आपल्या कार्डाचा नंबर दुकानदाराला कळतच नाही. शिवाय बँकेत नोंदलेल्या नंबरचे सिम ज्या फोनात आहे, त्याच फोनाशी हे ॲप बांधलेले असते. दुसऱ्याला आपला पिन नुसता कळला तरी त्याच्या फोनवरून आपले पैसे निघत नाहीत. म्हणजे यंत्र म्हणून पाहिले तर मोबाईल कार्डापेक्षा उणा नाही, आमच्या मते थोडा सरसच आहे.

मग पैसे जातात कसे? चोर कुलूप फोडत नाही, किल्ली मागून घेतो. गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाला फोन आला : "कारखान्यातून बोलतोय, बिलातला फरक द्यायचा राहिलाय. कोड पाठवलाय, स्कॅन करा आणि पिन टाका." त्यांनी टाकला. फरक आला नाहीच, उलट खात्यातले गेले. नंतर ऑफिसात येऊन ते म्हणाले, "मला वाटलं सही केल्यासारखंच असंल." गडी हुशार, सोसायटीचे हिशेब तोंडपाठ असणारा, पण फसला. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. डेअरीत दुधाचे बिल घ्यायला गेल्यावर आपण आपले पाकीट उघडून देतो का? कारखान्याचा कोणताही कर्मचारी फोनवर पिन किंवा ओ.टी.पी. मागत नाही, कोड पाठवत नाही, याची सभासदांनी नोंद घ्यावी. अनुदानाच्या किंवा के.वाय.सी.च्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली ॲपची फाईलही उघडू नये. तसले ॲप आपले मेसेज परस्पर वाचते.

ज्यासाठी मुख्यत्वे लिहायला बसलो, ती गोष्ट वेगळीच आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण ए.टी.एम. कार्ड मोबाईलच्या कव्हरात ठेवतात. काट्यावर नंबर लावून उभ्या असलेल्या मंडळींचे फोन सहज पाहिले, तर निम्म्यांच्या कव्हरातून कार्ड डोकावत होते. यू.पी.आय.चा नवा पिन काढायला काय लागते? कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि त्या नंबरवर येणारा ओ.टी.पी. काही बँका ए.टी.एम.चा पिनही विचारतात, आणि तोही काही जणांनी चिठ्ठीवर लिहून त्याच कव्हरात घातलेला असतो! फोनला कुलूप आहे म्हणून निर्धास्त राहू नये. चोर सिम काढून आपल्या फोनात घालतो, ओ.टी.पी. त्याला येतो आणि कार्ड हातात आहेच. कार्ड सुरक्षित की मोबाईल, हा प्रश्न तेथे उरतच नाही. दोन्ही एकत्र ठेवले की दोन्ही गेले. म्हणून कार्ड घरी, कपाटात असावे. कार्डाचा फोटोही फोनात ठेवू नये.

आणखी एक करता येईल. बिल ज्या खात्यात जमा होते ते मोबाईलला जोडूच नये. दुसरे लहान खाते जोडावे, त्यात आठवड्याच्या खर्चापुरते पैसे ठेवावेत. बँकेत एक खेप जास्त पडेल खरी, पण वर्षाची कमाई एका बोटावर ठेवण्यापेक्षा ती परवडली.

नुकसान कोणी सोसायचे, हेही विचारले जाते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये काढले. बनावट कार्डे वापरून अनेक देशांतल्या ए.टी.एम.मधून पैसे उचलले गेले. ठेवीदारांच्या खात्यांना मात्र धक्का लागला नाही, तोटा बँकेचा झाला. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकांचे धोरणही असेच होते. दोष बँकेचा असेल तर भार बँकेवर. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तिसऱ्याच ठिकाणचा असेल, तर बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तक्रार करणाऱ्या ग्राहकावर भार नाही. पण पिन आपणच सांगितला असेल तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान आपले, आणि तक्रारीनंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे तासातासाला किंमत आहे. लाजेपोटी दोन दिवस घरात गप्प बसणारे आम्ही पाहिले आहेत.

पैसे गेल्याचे कळताच बँकेला फोन करून खाते थांबवावे आणि १९३० या सरकारी नंबरवर तक्रार द्यावी. फोन चोरीला गेला असेल तर सिमही लगेच बंद करून घ्यावे. बँकेचा नंबर फोनातच ठेवला तर फोनाबरोबर तोही जाईल, तेव्हा तो पासबुकावर लिहावा. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ, ऊसतोडीच्या स्लिपमागे का होईना, टिपून ठेवावी. बँकेत पहिल्यांदा तीच विचारतात.