पोतं घेण्याआधी मातीला विचारा



मृग जवळ आला की इंझोरी (ता. मानोरा, जि. वाशीम) परिसरातला शेतकरी कृषी सेवा केंद्रासमोर उभा राहतो. सोयाबीन पेरायचे म्हणजे डीएपी घ्यायचे, हे ठरलेलेच. शेजाऱ्याने दोन पोती नेली की आपणही दोन. दोन-तीन एकरांच्या आदिवासी कुटुंबाला हा पैसा अनेकदा उसना घ्यावा लागतो. तो वाया गेला, तर वर्षभर फेडत बसावे लागते.

जमीन सगळीकडे सारखी नसते. टेकाडावरची बरड जमीन उथळ व मुरमाड, तर नाल्याकाठची काळी, खोल. विदर्भाच्या काळ्या जमिनीत पालाश सहसा बरे असते. नत्र मात्र कमी, आणि अनेक ठिकाणी गंधक व जस्तही कमी असते.

डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते, पण गंधक नसते. सोयाबीनच्या दाण्यात तेल व प्रथिने तयार होण्यासाठी गंधक लागते. भाजीत मीठच नसेल, तर तिखट वाढवून चव येत नाही. अशा शेतात सिंगल सुपर फॉस्फेट उपयोगी पडते. त्याच्या तीन पोत्यांत २४ किलो स्फुरद आणि सुमारे १६ किलो गंधक मिळते. नत्रासाठी थोडा युरिया द्यावा. बियाण्याला रायझोबियम लावले, तर मुळांवरच्या गाठी हवेतले नत्रही मिळवून देतात.

पण आपल्या शेतात काय कमी आहे, हे कळणार कसे? माती तपासून. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ पासून सुरू आहे. पत्रिकेत १२ बाबींची नोंद असते आणि पिकानुसार खताची शिफारसही.

नमुना पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी घ्यावा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे वीतभर खोल खड्डे करावेत. त्यांच्या कडेची माती एकत्र मिसळून अर्धा किलो ठेवावी. बांध, झाडाखालची जागा व उकिरडा टाळावा. बरड आणि काळ्या जमिनीचे नमुने वेगळे ठेवावेत. पिशवीवर नाव व गट क्रमांक लिहून ती सहायक कृषी अधिकाऱ्याकडे द्यावी.

पत्रिका हाती आली, तरी ती वाचता येत नसेल तर भिंतीवरच लटकते. आपल्यापैकी जे गावात जातात, त्यांनी शेतकऱ्याजवळ बसून ती वाचून दाखवावी. पेरणीआधीचा हा अर्धा तास एखाद्या पोत्याचा खर्च वाचवू शकतो.